भंगारातून बनवलेली १२ व्होल्टची मोटर रिकामी फिरतानाच तापते. कार्यक्षमता कशी वाढवावी?

भंगारवेडा (प्रश्न)

नमस्कार. गेले दोन महिने मी मोडक्या वस्तूंच्या सुट्या भागांतून एक डीसी मोटर बनवत आहे. मोटर फिरते, परंतु तिच्याकडून काम म्हणावे असे काही होत नाही, आणि रिकामी फिरत असतानाही चार-पाच मिनिटांत ती इतकी तापते की वाइंडिंगला बोट लावता येत नाही.

जुन्या प्रिंटरमधली ८ मिमी व्यासाची दांडी शाफ्ट म्हणून घेतली असून ती स्केट्सच्या चाकांतून काढलेल्या दोन बेअरिंगवर फिरते. शाफ्टला आडवा असा १२ मिमी जाडीचा भरीव लोखंडी बोल्ट बसवला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जळालेल्या ट्रान्सफॉर्मरमधली तार गुंडाळली आहे. कम्युटेटर (वाइंडिंगमधल्या प्रवाहाची दिशा उलटवणारा फिरता भाग) म्हणजे तांब्याच्या नळीचे उभे कापलेले दोन अर्धे तुकडे, आणि त्याला टेकून प्रवाह पोहोचवणारे ब्रश म्हणजे तांब्याच्या दोन स्प्रिंगदार पट्ट्या. दोन्ही बाजूंना जुन्या हार्ड डिस्कमधले निओडिमियम चुंबक त्यांच्या पोलादी पट्टीवरून सोडवून लाकडी ठोकळ्यांवर चिकटवले आहेत.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर, शाफ्टवर काहीही भार नसताना, मोटर २.८ अँपियर घेते आणि मिनिटाला सुमारे १९०० फेरे करते. मल्टिमीटरवर आर्मेचरचा, म्हणजे वाइंडिंग असलेल्या फिरत्या भागाचा, रोध ०.९ ओहम दिसतो. आणखी जोरदार चुंबक लावावेत, की जाड तार वापरून पुन्हा वाइंडिंग करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाइंडर

चुंबक आणि तार दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या मोटरीत ऊर्जा नेमकी कुठे जाते ते आधी शोधू, कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे.

१२ व्होल्ट गुणिले २.८ अँपियर म्हणजे ३३.६ वॅट, लहान सोल्डरिंग आयर्न जेवढी उष्णता देते साधारण तेवढी तुमची मोटर काहीही काम न करता देते आहे. यातला तारेच्या रोधामुळे होणारा व्यय काढायचा, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २.८ × २.८ × ०.९, असे जेमतेम ७ वॅट होतात. उरलेल्या २६ वॅटांशी तारेच्या जाडीचा संबंध नाही, त्यामुळे जाड तार लावून फारसे साधणार नाही. (साध्या मल्टिमीटरने एक ओहमखालचा रोध विश्वासाने मोजता येत नाही. मीटरच्या दोऱ्यांचाच रोध त्यात मिसळतो. आर्मेचर हाताने अडवून धरा, त्यातून बरोबर १ अँपियर सोडा आणि कम्युटेटरच्या तुकड्यांवर थेट व्होल्टेज मोजा. जितके व्होल्ट येतील तितकेच ओहम.)

तुमच्या वर्णनावरून मला चार गोष्टी खटकतात आणि त्यांतली पहिली सर्वांत महाग आहे. कम्युटेटरला दोनच तुकडे असले आणि त्यांच्यामधली फट ब्रशच्या रुंदीपेक्षा कमी असली, तर प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला ब्रशची पट्टी दोन्ही तुकड्यांवर एकाच वेळी टेकते. त्या क्षणी प्रवाह वाइंडिंगमधून जातच नाही. एका पट्टीतून तांब्याच्या तुकड्यात आणि तिथून सरळ दुसऱ्या पट्टीत, म्हणजे बॅटरी शॉर्ट होते. हा क्षण लहान असतो, पण तो दर फेऱ्याला दोनदा येतो आणि अँमीटर त्याची सरासरी दाखवतो. कम्युटेटर बाहेर काढून तुकड्यांच्या कडा भिंगातून पाहाव्यात. कडेला काळे, खडबडीत डाग आणि मधल्या भागावर स्वच्छ तांबे असे दिसले, तर रोग सापडला असे समजा. आणि प्रयोग करताना बॅटरीच्या तारेत फ्यूज असलाच पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट भरीव बोल्टची. आर्मेचर चुंबकांसमोर फिरते तेव्हा त्याच्या लोखंडातले चुंबकीय क्षेत्र सतत उलटसुलट होते आणि त्या लोखंडात एडी करंट, म्हणजे लोखंडातच भोवऱ्यासारखे गोल फिरणारे प्रवाह, निर्माण होतात. ट्रान्सफॉर्मर आणि मोटरींची कोअर अर्धा मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या सिलिकॉन पोलादाच्या स्टॅम्पिंगची (साच्याने कापलेल्या पत्र्यांची) करतात ती यासाठीच, कारण पातळ पत्र्यात हा व्यय जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. भरीव बोल्टाला वर्गाचा हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे हे प्रवाह पृष्ठभागालगतच वाहतात. तरीही तो बोल्ट बॅटरीच्या दृष्टीने हीटरच आहे. खात्री करायची असेल तर मोटर थांबल्यावर लगेच बोल्टाच्या उघड्या टोकाला आणि वाइंडिंगला आळीपाळीने बोट लावून पाहा. टोक अधिक गरम लागले, तर उष्णता तारेतून आलेली नाही.

तिसरी गोष्ट चुंबकांची. हार्ड डिस्कमधल्या त्या वक्राकार चुंबकाच्या एकाच पृष्ठभागावर दोन्ही ध्रुव असतात: अर्ध्या भागावर उत्तर, उरलेल्या अर्ध्यावर दक्षिण. डिस्कमध्ये हेड हलवणाऱ्या कॉइलला तसेच क्षेत्र लागते. दुसरा लहान चुंबक हातात धरून त्याच्या पृष्ठभागावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. निम्म्या वाटेवर ओढ संपून ढकल सुरू होईल. म्हणजे तुमच्या मोटरीत प्रत्येक बाजूचा अर्धा चुंबक उरलेल्या अर्ध्याच्या विरुद्ध काम करतो आहे. हे चुंबक मोठ्या हौसेने काढून अनेकांनी स्वतःला असेच फसवून घेतले आहे, त्यात मीही आहे.

चौथी गोष्ट, चुंबकांच्या पाठीमागे लाकूड आहे. चुंबकीय प्रवाहाला एका चुंबकाच्या पाठीपासून दुसऱ्याच्या पाठीपर्यंत परतीची वाट लागते, आणि हवेतून ती वाट फार अवघड असते. कारखान्यातल्या मोटरीचे बाहेरचे पोलादी कवच दिसायला नुसते आवरण असले तरी तीच ती परतीची वाट असते. तुम्ही चुंबक सोडवताना जी पोलादी पट्टी फेकून दिलीत, तीसुद्धा लाकडापेक्षा बरी होती.

नऊ_दात

वरील निदानाशी सहमत आहे, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. ब्रश आणि कम्युटेटर हे घरी नीट बनवायला सर्वांत कठीण भाग आहेत, मग ते ठेवायचेच कशाला? जुन्या सीडी ड्राइव्हमधली तबकडी फिरवणारी मोटर उघडा. तिच्यात बहुतेकदा नऊ दातांचा, पातळ स्टॅम्पिंगचा स्टेटर (मोटरीचा न फिरणारा भाग) आयता मिळतो. मूळची बारीक तार काढून टाकावी, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दातावर एक फेज (म्हणजे वाइंडिंगचा एक स्वतंत्र गट), दुसऱ्या-पाचव्या-आठव्यावर दुसरी आणि उरलेल्या तीन दातांवर तिसरी फेज अशी एकाच दिशेने जाड तार गुंडाळावी, आणि बाहेरच्या फिरत्या वाटीत आळीपाळीने उत्तर-दक्षिण असे बारा लहान निओडिमियम चुंबक चिकटवावेत. खेळण्यातल्या विमानांचे सेन्सरविरहित कंट्रोलर (फेजमधला प्रवाह आळीपाळीने बदलणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) अशी मोटर व्यवस्थित चालवतात. हौशी लोकांनी अशा मोटरींवर लहान विमाने उडवलेली आहेत. ठिणग्या नाहीत, ब्रशचे घर्षण नाही, आणि नीट जमल्यास ७० टक्क्यांच्या पुढे जाता येते.

तिन्ही फेज डेल्टा पद्धतीने (टोकाला टोक, त्रिकोणात) जोडलेल्या असतील आणि वेग गरजेपेक्षा जास्त वाटला, तर त्याच वाइंडिंगची स्टार जोडणी (तिन्हींचे एकेक टोक एकत्र) करून पाहावी. त्याच व्होल्टेजवर वेग १.७३ पटीने कमी होतो आणि प्रत्येक अँपियरमागे टॉर्क (शाफ्ट फिरवणारा जोर) तितकाच वाढतो.

मायक्रोवेव्ह ओव्हन या कामासाठी कुणी उघडू नये. त्यातल्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीवघेणा चार्ज राहू शकतो.

वाइंडर

आपला मार्ग कार्यक्षम आहे यात वाद नाही, पण त्यात मोटरीची अर्धी अक्कल कंट्रोलरमध्ये विकत आणावी लागते. प्रश्नकर्त्याला मोटर बनवायची आहे, म्हणून मी कम्युटेटरवरच थांबतो.

मोजपट्टी

कार्यक्षमता वाढवायची म्हटल्यावर ती आधी मोजता आली पाहिजे, आणि त्यासाठी दोरीचा ब्रेक पुरेसा होतो. शाफ्टवर गुळगुळीत पुली बसवा, तिच्यावरून सुती दोरी अर्धा वेढा घालून दोन्ही टोके दोन स्प्रिंग काट्यांना बांधा आणि दोरी हळूहळू ताणत जा. दोन काट्यांतल्या वाचनांचा फरक न्यूटनमध्ये घेऊन त्याला पुलीच्या त्रिज्येने गुणले की टॉर्क मिळतो. टॉर्कला कोनीय वेगाने, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांना २π ने गुणून ६० ने भागल्यावर येणाऱ्या संख्येने गुणले की बाहेर पडणारे वॅट मिळतात. त्यांना बॅटरीतून येणाऱ्या वॅटांनी भागायचे. फेरे मोजण्यासाठी पुलीवर पांढरा ठिपका काढून फोनवरचे स्ट्रोबचे अ‍ॅप चालते, मात्र स्ट्रोब खऱ्या वेगाच्या निम्म्याने लुकलुकला तरी ठिपका स्थिर दिसतो, आणि दुप्पट वेगाने लुकलुकला तर समोरासमोर दोन स्थिर ठिपके दिसतात, याचे भान ठेवावे.

किती भारावर मोजावे हाही प्रश्न आहे. ज्या भारावर मोटर सर्वाधिक शक्ती देते, त्याच भारावर ती सर्वाधिक कार्यक्षम असते असा समज फार जुना आहे आणि तो चुकीचा आहे. सर्वाधिक शक्ती साधारणपणे रिकाम्या वेगाच्या निम्म्यावर मिळते, आणि तिथे निम्म्याहून अधिक ऊर्जा आर्मेचरमध्येच उष्णता बनून जाते. सर्वोत्तम कार्यक्षमता त्याहून पुष्कळ कमी भारावर असते. रिकामी फिरताना लागणारा प्रवाह आणि शाफ्ट अडवून धरल्यास जो प्रवाह जाईल तो, या दोघांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की तो प्रवाह अंदाजे मिळतो. अडवलेल्या शाफ्टचा प्रवाह प्रत्यक्ष मोजत बसू नका, वाइंडिंग जळेल. व्होल्टेजला एकूण रोधाने भागून तो काढा.

या सूत्राचा उपयोग आणखी एका कारणाने होतो. रिकामा प्रवाह निम्मा केला की मोटरीची कमाल कार्यक्षमता किती वाढते ते कागदावरच दिसते, आणि त्यामुळे वाइंडर यांनी सांगितलेली दुरुस्ती चुंबक बदलण्याच्या आधी का करायची ते आपोआप कळते.

भंगारवेडा

तिघांचेही मनापासून आभार. कम्युटेटरच्या कडा भिंगातून पाहिल्या. दोन्ही तुकड्यांच्या चारही कडांवर काळी, चरे पडलेली पट्टी आहे, मधला भाग चकचकीत आहे, आणि एका कडेला तर तांबे वितळून बारीक मण्यासारखे झाले आहे. ब्रशची पट्टी ४ मिमी रुंद आहे आणि फट केवळ १ मिमीची होती.

कानशीने फट ५ मिमी केली. मोटर आता कधीकधी मधल्या जागी अडते आणि हाताने ढकलून सुरू करावी लागते, पण रिकामा प्रवाह २.८ वरून १.६ अँपियरवर आला. एवढ्याशा कानशीच्या कामाने इतका फरक पडेल असे वाटले नव्हते. उरलेल्यापैकी बराचसा भाग बोल्टाचाच असावा, कारण आता वाइंडिंग कोमट आणि बोल्टाचे टोक चांगलेच गरम लागते.

चुंबकांचीही परीक्षा केली. निम्म्या वाटेवर हातातला चुंबक खरोखरच उलटा ढकलला गेला.

आता पुन्हा नव्याने बांधायचे ठरवले आहे. माझ्याकडे जळालेल्या हँड ड्रिलचे आर्मेचर आहे, १२ खाचांचे आणि २४ तुकड्यांच्या कम्युटेटरचे. शिवाय गाडीच्या एका वायपर मोटरीचे पोलादी कवच आहे, ज्यात दोन कमानदार फेराइट चुंबक शाबूत आहेत. तिचे स्वतःचे आर्मेचर जळाले आहे. या दोन्हींची जोडी जमेल का? फेराइट चुंबक निओडिमियमपेक्षा कमजोर असतात, याची थोडी धास्ती वाटते.

वाइंडर

जोडी जमेल, आणि फेराइटची धास्ती बाळगू नका. फेराइटचे क्षेत्र मुळात ०.४ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आसपास, तर निओडिमियमचे १.२ च्या आसपास असते हे खरे. पण प्रत्यक्ष गॅपमध्ये काय पोहोचते ते चुंबकाची जाडी आणि एअर गॅप (चुंबक आणि आर्मेचर यांच्यामधली मोकळी जागा) यांच्या प्रमाणावर ठरते. ६ मिमी जाडीच्या फेराइटसमोर २ मिमी गॅप असेल तर अंदाजे ०.४ × ६ ÷ ८, म्हणजे ०.३ टेस्ला मिळतात. गॅप १ मिमीच्या खाली आणली तर ०.३५ च्या जवळ जाता येते. ड्रिलचे आर्मेचर वायपरच्या कवचात थोडे सैल बसणार. तेव्हा चुंबक जपून सोडवा (फेराइट काचेसारखा तडकतो), त्यांच्या मागे पातळ लोखंडी पत्र्याच्या पट्ट्या घालून त्यांना आत आणा आणि इपॉक्सीने बसवा.

जोरदार चुंबक लावल्यावर मोटर वेगाने फिरेल असे अनेकांना वाटते, प्रत्यक्षात ती हळू फिरते. क्षेत्र वाढले की कमी फेऱ्यांतच विरोधी व्होल्टेज (फिरत्या वाइंडिंगमध्ये बॅटरीच्या उलट निर्माण होणारे) बॅटरीच्या जवळ पोहोचते. बदल्यात दर अँपियरमागे टॉर्क वाढतो. म्हणून नव्या बांधणीत वेग घटला तर निराश होऊ नका.

आर्मेचर सोलण्याआधी वहीत टिपून ठेवा: गुंडाळी कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत जाते (बहुधा पहिलीतून सहावीत), कोणत्या दिशेने, आणि तिची टोके कम्युटेटरच्या कोणत्या तुकड्यांवर जातात. ही नोंद न करता सोललेले आर्मेचर पुन्हा जुळवणे म्हणजे डोकेदुखी. मूळ वाइंडिंग जास्त व्होल्टेजचे, बारीक तारेचे असेल. १२ व्होल्टला वेढे थोडे आणि तार जाड लागेल. शेजारशेजारचे दोन-दोन तुकडे सोल्डरने जोडून २४ चे १२ करा, म्हणजे बाराच गुंडाळ्या घालाव्या लागतील. माझ्या हिशेबाने प्रत्येक गुंडाळीत ०.५ मिमी तारेचे २६-२७ वेढे घातल्यास वेग दोन-अडीच हजारांच्या दरम्यान येईल. खाचेत आधी इन्सुलेशन पेपर घालायला विसरू नका. स्टॅम्पिंगची कड तारेवरचे इनॅमल सहज खरवडते.

तुमच्या मूळ प्रश्नातला जाड तारेचा मुद्दा इथे येतो. खाचेतली जागा ठरलेली आहे. छेदाचे क्षेत्रफळ निम्मे असलेली तार घेऊन दुप्पट वेढे घातले तर रोध चौपट होतो, पण तोच टॉर्क निम्म्या प्रवाहात मिळतो, आणि प्रवाहाचा वर्ग चतुर्थांश झाल्यामुळे उष्णता होती तेवढीच राहते. तार जाड की बारीक यावर फक्त मोटर कोणत्या व्होल्टेजला किती फिरेल ते ठरते. उष्णता कमी होते ती त्याच खाचेत जास्त तांबे ठासून भरल्याने, म्हणून वेढे एकमेकांवर न चढवता सरळ, घट्ट बसवा.

ब्रश मात्र ड्रिलचे घेऊ नका. साध्या कार्बन ब्रशवर प्रत्येकी एखादा व्होल्ट पडतो. जास्त व्होल्टेजच्या मोटरीला ते जाणवतही नाही, पण १२ व्होल्टांतले दोन व्होल्ट तिथेच गेले तर सहावा हिस्सा संपला. गाड्यांच्या मोटरींचे ब्रश तांबे मिसळलेले, तांबूस झाक असलेले असतात आणि त्यांच्यावरचा व्यय बराच कमी असतो. वायपर मोटरीचे स्वतःचे ब्रश शिल्लक असतील तर तेच बसवा.

नऊ_दात

आता वायपरचे कवच, वायपरचे चुंबक आणि वायपरचेच ब्रश वापरायचे, तर त्याला घरी बनवलेली मोटर म्हणायचे का, असा एक खोडसाळ प्रश्न मनात आला. बारा गुंडाळ्या स्वतः घालणाऱ्याला तो विचारण्याचा अधिकार मला नाही, हेही मान्य आहे. बेअरिंगबद्दल एक सूचना: स्केट्सच्या बेअरिंगमध्ये दाट ग्रीस असेल तर ते रॉकेलने धुऊन पातळ तेलाचे दोन थेंब घालावेत. एवढ्या लहान मोटरीत ग्रीसचा विरोधही जाणवतो.

भंगारवेडा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. पहिले वाइंडिंग वाया गेले. सातव्या गुंडाळीची टोके उलट तुकड्यांवर जोडली गेली आणि मोटर गुरगुरत, एका ब्रशखाली निळ्या ठिणग्या टाकत फिरत होती. एकेक गुंडाळीची जोडणी क्रमाने वहीतल्या नोंदीशी ताडून पाहत गेलो. सातवी सोडवून पुन्हा घालेपर्यंत आठवी आणि नववीही सुटली.

आताची स्थिती अशी आहे. आर्मेचरचा रोध १.१ ओहम, रिकामा प्रवाह ०.५ अँपियर, रिकामा वेग सुमारे २३५० फेरे. दहा मिनिटे रिकामी फिरवल्यावर कवच हाताला जेमतेम कोमट लागते.

मोजपट्टी यांच्या सूत्राने सर्वोत्तम प्रवाह २.२ अँपियरच्या आसपास यायला हवा होता. दोरीचा ब्रेक लावून १.९ अँपियरला स्थिर वाचन मिळाले. पुलीची त्रिज्या २० मिमी, एका काट्यावर ३८० ग्रॅम, दुसऱ्यावर ६४ ग्रॅम, म्हणजे फरक ३१६ ग्रॅम किंवा ३.१ न्यूटन. टॉर्क ०.०६२ न्यूटन-मीटर, वेग १९९० फेरे, बाहेर पडणारी शक्ती १२.९ वॅट. बॅटरीतून १२ × १.९, म्हणजे २२.८ वॅट. कार्यक्षमता सुमारे ५७ टक्के. तीन वेळा मोजले. दुसऱ्या वेळी ५५ आणि तिसऱ्या वेळी ५८ आले.

२.२ अँपियरपर्यंत ताणायला गेलो तेव्हा सुती दोरी पुलीवर करपली आणि काटे नाचू लागले.

मोजपट्टी

पुली पोकळ असेल तर तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब सोडत राहा, दोरीला पाणी लागू देऊ नका; ओली झाली की घर्षण बदलते आणि काटे पुन्हा नाचतात. ५७ हा आकडा मला खरा वाटतो. तांब्यातला व्यय १.९ × १.९ × १.१, म्हणजे जवळपास ४ वॅट. लोखंड, घर्षण आणि वारा मिळून रिकाम्या प्रवाहावरून साधारण साडेचार-पाच वॅट. उरलेला दीड-एक वॅट ब्रशवर. सारे मिळून दहाच्या आसपास येते आणि तुमचा तोटा ९.९ आहे. यापुढे जायचे असेल तर ब्रशची स्प्रिंग किती दाबते ते पाहा. ठिणगी पडू न देता ती जितकी सैल करता येईल तितकी करून रिकामा प्रवाह पुन्हा मोजा.

भंगारवेडा

स्प्रिंगचा एक वेढा कमी केला. ०.५ वरून ०.४२ अँपियर झाले, ठिणगी नाही. आणखी अर्धा वेढा काढल्यावर ठिणग्या दिसू लागल्या, म्हणून तो परत घातला आहे.